पुठ्ठा चढवला की पुस्तक

औंढ्याच्या वाचनालयात वीस पुस्तकं कमी भरली आणि ग्रंथपाल सारिकाच्या तोंडचं पाणी पळालं. सरकारी तपासणी चार दिवसांवर आली होती. संख्या भरली नाही तर वाचनालयाची मान्यता जाणार, आणि तिच्याबरोबर सारिकाची नोकरीही.

अध्यक्ष निवृत्तीभाऊ मात्र निवांत होते. या माणसाला जन्मात कधी शंका म्हणून आली नव्हती. कपाटावरच्या जुन्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवत ते म्हणाले, "हितं एवढी पुस्तकं पडल्यात की!"

"भाऊ, ती मासिकं आहेत."

"सुटी हायेत म्हून मासिकं. शिवून पुठ्ठा चढवला की पुस्तक. लोणावळ्यात बाइंडर हाय आपल्या वळखीचा."

तिसऱ्या दिवशी वीस लाल, जाडजूड खंड आले. पाठीवर लेखकाचं नाव काय घालू, असं बाइंडरने विचारलं होतं. भाऊंनी विसांवरही स्वतःचंच घालून घेतलं.

तपासनीस आले आणि त्यांनी नेमका लाल खंडच उघडला. "हे काय? ऐंशी पानांनंतर पुन्हा पान एक?"

"नव्या दमानं सुरुवात केली," लेखक म्हणाले.

"आणि मध्येच साबणाची जाहिरात?"

"वाचनाऱ्याला इसावा नको व्हय, साहेब?"

साहेब हसले नाहीत. "पुस्तक एकदा लिहिलं की संपतं. हे दर महिन्याला निघत राहतं. ही नियतकालिकं आहेत, पुस्तकांत धरता येणार नाहीत." कच्च्या अहवालात त्यांनी पेन्सिलीने तसं लिहिलंही. सारिकाला रडूच आलं. ते दिसू नये म्हणून ती चहा आणायला गेली.

परत आली तर साहेब त्याच खंडात डोकं घालून बसलेले. ते एका क्रमशः कादंबरीत अडकले होते. चहा निवला, पुण्याच्या लोकलची वेळ झाली आणि तेवढ्यात खंड संपला. नायिका लग्नमंडपातून गायब झाली होती.

"पुढचा खंड घरी नेतो हं. वाचून पाठवतो."

सारिकाने डोळे पुसले. "साहेब, आमचा नियम आहे. नियतकालिकं इथंच बसून वाचायची. घरी फक्त पुस्तकं नेता येतात."

साहेबांनी भिंतीवरच्या नियमांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मुकाट्याने खोडरबर मागितलं.

"एकच खंड पुस्तकांत घेताय ना, साहेब?" सारिकाने भीत भीत विचारलं.

"वीसही घेतो. ती पोरगी कितव्या खंडात सापडते, कुणाला ठाऊक!"