डिशवॉशरच्या जलबंदीची कैफियत

ज्यांस स्वयंपाकघरातील राज्यकारभार ठाऊक नाही त्यांनी ऐकावे, आणि ज्यांस ठाऊक आहे त्यांनी हसू आवरावे, म्हणोन ही हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे; पदरचे मीठ घातलेले नाही.

तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर इतक्या मुलुखावर रावसाहेब राज्य करीत. कचेरीत ते हेडक्लार्क, हाताखाली बावीस माणसे. घरी हाताखाली एकच, ती म्हणजे बाईसाहेब, आणि त्याही सहसा ऐकत नसत. गेल्या साली जिन्यात पाय घसरोन बाईसाहेबांचे उजवे मनगट मोडले, मग जुळले, परंतु जोर पडता ठणके, म्हणोन डॉक्टरांनी भांडी घासण्यास मनाई फर्माविली, आणि बहुत मसलती होऊन डिशवॉशर नामे यंत्र दाखल जाहले. त्यास सिंकशेजारी ओट्याखाली जहागीर मिळाली. यंत्र इमानी. दिवसातून दोन वेळा पोटभर पाणी पिऊन खरकट्याचा फडशा पाडी, आणि कधी उलट बोलत नसे.

ऐशात सिंकचा नळ ठिबकू लागला. नळकाम करणाऱ्या मिस्त्रींस पाचारण जाहले. मिस्त्री पन्नाशीचे, मोजके बोलणारे. त्यांनी नवा नळ बसविला, पाणी सोडोन दाखविले आणि कूच केले. त्याच दुपारी बाईसाहेबांनी यंत्र भरोन बटण दाबिले, तो यंत्र घुरघुरले, थबकले, आणि त्याच्या कपाळावर नळाचे लाल चित्र लुकलुकू लागले. आत पाण्याचा थेंब नाही. रसद तुटली.

रावसाहेबांनी चौकशीआधीच निवाडा दिला, हा त्यांचा कचेरीतील रिवाज. गुन्हेगार मिस्त्री. बाईसाहेबांनी अर्ज गुदरला की मग त्यांनाच फोन करावा. त्यावर हुकूम सुटला की ज्याने बिघडविले त्यासच बोलाविणे म्हणजे चोराहाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे, सबब मोहीम हुजूर स्वतः चालवितील. बाईसाहेबांचे बंधू दोन गल्ल्या पलीकडे राहत. ते मेहुणे टॉर्च आणि पान्यांची पिशवी घेऊन कुमकेस धावले.

पहिले दिवशी यंत्राची वायर उपसोन पुन्हा खोविली. यंत्राने दहा मिनिटे झोप घेतली आणि उठोन पुन्हा डोळा लाल केला. दुसरे दिवशी तळची जाळी काढिली, तीत लिंबाची बी आणि कित्येक महिने बेपत्ता असलेला चहाचा चमचा गवसला, तो लुटीत जमा जाहला. तिसरे दिवशी यंत्रच ओट्याखालून ओढिले, फरशीवर हातभर ओरखडा उमटला, मेहुण्यांचा अंगठा जायबंदी जाहला, आणि मागची नळी पाहावी तो सरळ, कोठे पीळ नाही. मग कंपनीस फोन लाविला. पाऊण घटका सनई ऐकविल्यावर तेथील बाईंनी पहिलाच सवाल केला की पाण्याची चावी उघडी आहे ना. हेडक्लार्कास बाराखडी येते काय, ऐसा हा सवाल रावसाहेबांस वाटला. जागचे न हलता जाब दिला की अर्थातच उघडी.

या तीन दिवसांत भांडी कोण घाशीत होते, ही बाब मसलतीत निघाली नाही. बाईसाहेब उजवे मनगट पट्ट्यात बांधोन डाव्या हाताने घाशीत, आणि दोघे सरदार चहाचे रिकामे कप तेवढे आणोन त्यांच्यापुढे ठेवीत.

चौथे दिवशी कढई निसटोन घर दणाणले. रावसाहेब आत गेले, तो बाईसाहेब ओट्यास टेकोन मनगट दाबीत उभ्या. रडत नव्हत्या, तेणेकरोन रावसाहेब अधिकच घाबरले.

"मिस्त्रींना मी बोलावलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

बावीस माणसांच्या धन्याने तह कबूल केला. मिस्त्री आले, आणि रावसाहेबांनी हा तह मिस्त्रींच्या चपला निघेपर्यंत पाळिला. मग सुनाविले की तुमच्या हातगुणाने अवघे घर चार दिवस वेठीस धरिले आहे. मिस्त्री गुडघे टेकोन सिंकखालच्या कपाटात शिरले, आणि थोडक्या वेळाने आतूनच हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मशीनची चावी मी उघडी ठेवून गेलो होतो. बंद कोणी केली?"

तेव्हां रावसाहेबांस आठवले. मिस्त्री गेल्यावर कामाची तपासणी म्हणोन ते स्वतः सिंकखाली वाकले होते, ती छोटी चावी हातास सैल लागली होती, आणि आपला हात फिरल्याखेरीज दुसऱ्याचे काम पक्के होत नाही, या जुन्या समजुतीने ती गच्च पिळोन ते वर्तमानपत्र वाचावयास बसले होते. पळवाट मात्र मोकळी होती. मिस्त्रीच विसरले असतील, ऐसे म्हणावयास मेहुण्यांनी तोंड उघडलेच होते, आणि दोष खालच्या टेबलावर सरकविण्याची विद्या रावसाहेबांस कचेरीत पाठ जाहली होती. मग नजर बाईसाहेबांच्या पट्ट्यावर गेली आणि तेथेच अडली.

"मीच केली," रावसाहेब म्हणाले. "घट्ट करायला गेलो होतो."

मिस्त्रींनी चावी फिरविली. बाईसाहेबांनी बटण दाबिले, आणि यंत्राच्या पोटात पाणी खळाळले, आणि चौघेही दरबारात उभे राहावे तैसे तो आवाज ऐकत राहिले. मिस्त्री हात पुसोन म्हणाले की होते ऐसे, बहुतांचे होते. ते खोटे होते, हे सर्वांस कळले, आणि कोणी खोडिले नाही.

"अहो," बाईसाहेब खुर्चीवर बसत म्हणाल्या, "मिस्त्रींना चहा ठेवा."

रावसाहेबांस चहाचे पातेले कोठे असते हे ठाऊक नव्हते. तीन फळ्या धुंडाळोन ते त्यांनी हस्तगत केले.

सबब दप्तरी नोंद केली जाते की चार दिवस लढोन मोहीम फत्ते जाहली, पाण्याची वाट खुली जाहली, आपल्या बाजूस एक मनगट आणि एक अंगठा दुखावला. शत्रू घरातच जिवंत हाती लागला, आणि ही कैफियत लिहितेसमयी तो चहा गाळीत होता.