लिंबाजीअण्णांची कात्री

आमच्या गल्लीत उदबत्तीचा पुडा फोडायचा असेल तर आधी दार लावून घ्यावं लागतं. नाहीतर समोरून आरोळी येते, "थांबा! फाडू नका!" आणि मागोमाग लिंबाजीअण्णा हजर. एका हातात ब्लेड, दुसऱ्या हातात ओलं फडकं. ते पुडा आपल्याकडून काढून घेतात, डिंकाच्या जोडावर फडकं दाबून धरतात आणि झोपलेल्या लेकराची टोपी काढावी तशा बेतानं तो उलगडतात. उदबत्त्या आपल्या मुठीत, देव ताटकळलेला.

"अहो अण्णा, कालच आणलाय बाजारातून. यात जुनं काय आहे?"

"आज नवा हाय म्हणून काय झालं, सर? उद्या जुना व्हतोच की!"

मी शाळेत गणित शिकवतो, पण या माणसापुढे माझं कुठलंच उत्तर बरोबर येत नाही.

गोरेगाव या आमच्या लहानशा गावात लिंबाजीअण्णांचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, लेस असा सगळा बायकांचा माल. वय सत्तरीला टेकलेलं. लग्न केलं नाही. आजीनं वाढवलं, आणि आजी गेल्यापासून घरात ते आणि कागद. कागद म्हणजे कसले? काडेपेटीवरचे छाप, बिडीच्या बंडलावरची चित्रं, दोऱ्याच्या रिळावरची गोल लेबलं, फटाक्यांची वेष्टनं, कापडाच्या ठाणावर चिकटवलेली राण्यांची चित्रं, निजामाच्या काळातले उर्दू शिक्क्यांचे कागद. हे सगळं कापायचं, पुठ्ठ्यावर मांडायचं, खळ लावून चिकटवायचं, कडेनं दुकानातली लेस आणि वर चमकी. गिऱ्हाईक बाई बांगड्यांसाठी हात पुढं करून बसलेली असते आणि अण्णा एका मोराचं शेपूट कापत असतात.

"अण्णा, मला सेनगावची जीप धरायची हाय!"

"जीप दुसरी येईल बाई. शेपूट तुटलं तं दुसरं येत न्हाई."

गावात कुणाकडे काही कार्य असलं की अण्णांचा आहेर ठरलेला. माझ्या पुतण्याच्या बारशाला त्यांनी एक भेटकार्ड आणलं. त्यावर बाळगुटीच्या जुन्या बाटलीवरचं गुटगुटीत बाळ होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बिडीच्या बंडलावरचे दोन वाघ. बाळाची आईकडची आजी आठवडाभर वाघांवरून बोलत होती. एकदा गावातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला अण्णांनी पुढाऱ्याचं मुंडकं फटाक्याच्या वेष्टनावरच्या पैलवानाच्या धडावर चिकटवून दिलं. मला वाटलं, आता याला मार बसणार. पण पुढाऱ्यानं ते चौकटीत घालून बैठकीत लावलं! असल्या कौतुकामुळेच माणसं बिघडतात.

कहर झाला तो वारंगा फाट्यावर. तिथं आमच्या ओळखीतले एक म्हातारे वारले होते, म्हणून मी आणि अण्णा भेटायला गेलो. सगळे खाली माना घालून बसलेले. बायका आत हुंदके देत होत्या. अण्णा मात्र भिंतीकडे बघत होते. मला धोका कळला, मी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. उपयोग झाला नाही.

"म्हातारा माणूस लई चांगला," अण्णा म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. "त्या तसबिरीच्या मागं कागद कोणता लावलाय हो? जुना दिसून राहिला."

मला भिंतीत शिरावंसं वाटलं. म्हाताऱ्याच्या मुलानं तसबीर उतरवून दिली. परत येताना जीपमध्ये अण्णा ती मांडीवर उलटी धरून बसले होते आणि मागच्या कागदावरचं कमळ मला दाखवत होते. मी सबंध रस्ताभर बाहेर पाहत होतो.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. पण गेल्या वर्षी त्यांनी माझ्या घरातच मुक्काम ठोकल्यासारखं केलं. शाळेतून येऊन मी चहाला बसलो की अण्णा येत. माझ्याकडे नाही, माझ्या आईकडे. आई ऐंशीच्या घरात आहे. दिवसभर ओसरीत बसलेली असते. अण्णा तिच्यापुढं रुमाल पसरत आणि त्यात कापून आणलेली नाकं मांडत. होय, नाकं! कॅलेंडरातल्या देवींची, साबणाच्या वेष्टनावरच्या सुंदऱ्यांची, ठाणावरच्या राण्यांची.

"काकू, हे पाहा. असं?"

आई चष्मा लावून बघे. "न्हाई रे लेकरा. जरा बसकं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी बसकी नाकं. त्यानंतर हनुवट्या. मग भुवया. एकदा माझ्या चहात कुणाची तरी भुवई निघाली. मी आईला विचारलं, हा काय प्रकार आहे? ती म्हणाली, "त्याचं काम चालू हाय. तू तुझे पेपर तपास." बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, तुमच्या आईला बोलायला माणूस मिळालंय, गप बसा. मी पेपर तपासायला घेतले.

मग एक दिवस आमची शाळा लवकर सुटली. घरी आलो तर स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं उकळत होतं आणि त्याच्या वाफेवर अण्णा आईच्या लग्नातल्या ट्रंकेचं सुटं केलेलं झाकण धरून उभे! त्या झाकणाला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. कमळं हातात घेतलेली एक बाई. लहानपणी ट्रंक उघडली की मला आधी तीच दिसायची. तिचा अर्धा चेहरा आता सुटून लोंबत होता.

माझा तोल गेला. "अण्णा! ठेवा ते खाली! दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंना हात लावायची तुम्हाला लाज कशी वाटत नाही? म्हाताऱ्या बाईला भुलवून घर सोलून काढताय? उद्यापासून आमच्या दारात पाय ठेवू नका!"

अण्णा एरवी एकाला दोन ऐकवतात. त्या दिवशी मात्र त्यांनी झाकण हळूच ओट्यावर ठेवलं, फडक्यानं हात पुसले आणि निघाले.

"थांब लिंबाजी," ओसरीतून आई म्हणाली. मग आत येऊन माझ्याकडे वळली. "काहून ओरडून राहिला त्याच्यावर? मीच म्हणलं, घेऊन जाय म्हणून. त्यातले डोळे पाहिजेत त्याला."

"कशासाठी डोळे?"

आई अण्णांकडे बघत होती. अण्णा खाली बघत होते. शेवटी आईच म्हणाली, "त्याच्या मायचा फोटो न्हाई रे. हे अंगावर पीत व्हतं तवाच ती गेली. त्या वक्ताला कोण फोटो काढतंय? आता मायचं तोंड जुळवून राहिला तो."

पातेलं उकळत होतं. मी जाऊन गॅस बंद केला. नंतर काही सुचेना म्हणून पुन्हा लावला, आणि झाकण उचलून अण्णांच्या हातात दिलं. "दुसरी बाजू मी धरतो," म्हणालो. दोघांनी मिळून ते चित्र सोडवलं. कमळं फाटली. डोळे शाबूत निघाले.

चित्र पुरं झालं तेव्हा अण्णा धुतलेला सदरा घालून आले. पुठ्ठा जुन्या धोतरात गुंडाळलेला होता. आईच्या मांडीवर ठेवून त्यांनी तो उघडला. मी हसायच्या तयारीत होतो, खोटं कशाला सांगू. पण ते हसण्यासारखं नव्हतं. नाक साबणाचं होतं, ओठ ठाणावरचे, केस रिळाच्या काळ्या लेबलांचे बारीक पट्टे लावून केलेले. डोळे आमच्या ट्रंकेतले. जोड दिसत होते, रंग एकमेकांशी जुळत नव्हते. तरीही ती कुणीतरी बाई होती आणि ती बघत होती. या वेळी चमकी कुठंच लावलेली नव्हती. कपाळावर दुकानातली एक साधी लाल टिकली तेवढी.

आईनं चष्मा लावला. बोटानं चित्राच्या गालावरची कागदाची सुरकुती सारखी केली.

"व्हय," ती म्हणाली. "हीच."

"बराबर?"

"बराबर. अशीच पाहायची."

अण्णांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पुठ्ठा गुंडाळून, चहा न घेता गेले.

ते गेल्यावर मी हिशेब करू लागलो. आई लग्न होऊन गोरेगावात आली तेव्हा लिंबाजीअण्णा गल्लीत विटीदांडू खेळत होते. हे आईनंच कितीदा सांगितलंय. मग अण्णांची आई तर त्याआधीच गेलेली!

"आई, तू त्यांच्या आईला कधी पाहिलंस?"

"न्हाई पाह्यलं."

"अगं, मग इतके दिवस नाकं काय निवडत होतीस?"

"ते इचाराया आलं, 'काकू, तुमी पाह्यली असंल नं?' तवा न्हाई म्हणाया माझी जीभ उचलली न्हाई." ती पदराशी चाळा करू लागली. "मंग मला जशी वाटली तशी सांगत गेले."

मी चप्पल घातली. काय बोलणार होतो मलाच माहीत नव्हतं, पण सत्तरीला टेकलेल्या माणसाला असं फसवलेलं मला सहन होईना. अण्णा दुकानात होते. गल्ल्यामागच्या भिंतीत खिळा ठोकून पुठ्ठा टांगत होते.

"अण्णा," मी सुरुवात केली, "आईचं आता वय झालंय. तिला सगळंच नीट आठवतं असं नाही..."

"ठाव हाय, सर." ते वळले नाहीत. पुठ्ठा सरळ आहे का ते बघत होते. "काकू या गावात आल्या तवा मी चांगला कळता व्हतो. त्यायनी मायला कुठून पाह्यलं असंल?"

"मग तुम्ही..."

"तिला पाह्यलेलं असं गावात कोणीच उरलं न्हाई. आजीला इचारायचं तं ती रडायची, म्हणून इचारलं न्हाई. मंग ती बी गेली." त्यांनी पुठ्ठा किंचित डावीकडे सरकवला. "पण मी एकट्यानं म्हणलं ही माझी माय, तं ते कापलेले कागदच राहतेत नं. दुसऱ्या कोणीतरी व्हय म्हणाया पाहिजे."

तेवढ्यात एक बाई आली. हिरव्या बांगड्या पाहिजे होत्या, ओटीच्या. अण्णांनी खोकं उतरवलं, तिचा हात हातात घेतला आणि माप पाहू लागले. बाईचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"ही कोण हो, अण्णा?"

"माय माझी," अण्णा म्हणाले. "हात जरा ढिल्ला सोड, बाई."