कासवावर प्रेम करणारा कोल्हा

मुलांनो, ही गोष्ट शपथेवर सांगतो, अगदी खरी आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे अगदी तिथे नव्हतो, घरी झोपलो होतो. पण ज्याने मला सांगितली तो होता, आणि तो सहसा खोटं बोलत नाही. निदान माझ्याइतकं नाही.

तर एका जंगलात, जिथून डोंगर उतरला की थेट समुद्र लागतो, पिंगळोजी नावाचा कोल्हा राहायचा. बायको शेपटाबाई, दोन पिल्लं, गुहा स्वतःची. खाऊनपिऊन सुखी.

पिंगळोजीचा बाप हंगामात किनाऱ्यावर जायचा, कासवांनी पुळणीच्या वाळूत पुरलेली अंडी उकरायचा आणि ढेकर देत घरी यायचा. पिंगळोजीला या गोष्टीची फार लाज वाटे. तो शिकलेला होता. तो निसर्गप्रेमी होता.

पुढे सिंहमहाराजांनी तो किनारा राखीव जाहीर केला. कासवांना शांतता मिळावी म्हणून. आता इथे शांतता आहे हे जंगलाला कळायला हवं, म्हणून मोठी कमान उभारली. शांततेपर्यंत सगळ्यांना पोचता यावं म्हणून फळ्यांची पायवाट केली. काळोखात कोणी धडपडू नये म्हणून दिवे लावले. आणि ‘शांतता राखा’ हे शेवटच्या माणसापर्यंत, म्हणजे जनावरापर्यंत, ऐकू जावं म्हणून एक गाढव नेमलं. भोंग्यासकट.

एका रविवारी पिंगळोजी सहकुटुंब तिथे फिरायला निघाला. वाटेत त्याने पिल्लांना बजावलं की पान तोडायचं नाही, शिंपला उचलायचा नाही, निसर्ग नुसता डोळ्यांत साठवायचा. शेपटाबाईने पोटात साठवायला पुऱ्या घेतल्या होत्या.

किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात अख्खं जंगल आधीच येऊन बसलं होतं. अस्वलाने परातभर भेळ कालवली होती. माकडांनी गाणी लावली होती.

“बाबा, निसर्ग कुठंय?” धाकट्याने विचारलं.

“गर्दी दिसेल तिकडे चल,” पिंगळोजी म्हणाला.

दिवेलागणीला कासवीण पाण्याबाहेर आली. टाळ्या पडल्या. ती परत गेली. जरा वेळाने पुन्हा आली, तर हत्तिणीने आपलं पोर तिच्या शेजारी उभं केलं, फोटोसाठी. ती पुन्हा गेली. गाढव भोंग्यावरून सांगत होतं की कासव हा अत्यंत लाजाळू प्राणी आहे, तरी सर्वांनी जवळ येऊन बघून घ्यावं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा ती दमली होती. आज जागा मिळाली नाही तर अंडी पाण्यातच सांडणार होती, आणि पाण्यात सांडलेल्या अंड्यातून काही जन्मत नाही. ती सरपटत थेट पहिल्या रांगेत बसलेल्या पिंगळोजीपाशी येऊन थांबली.

“तुझं तोंड ओळखीचं वाटतंय रे. तुझा बाप यायचा का इथं?”

पिंगळोजी ओशाळला. शेपटाबाईने त्याला शेपटीने ढोसलं.

“यायचे, आक्का. पण ते दिवस गेले. आम्ही खात नाही. आम्ही नुसते बघतो.”

“तुझा बाप बरा होता,” कासवीण म्हणाली. “तो मी गेल्यावर यायचा.”

पिंगळोजीने हातातली पुरी खाली ठेवली. मग उठला, दात विचकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी अंडी खाणार. सगळी.”

झालं. सगळे मोबाइल त्याच्याकडे वळले. गाढवाने भोंगा टाकून त्याची मानगूट धरली आणि त्याला कमानीकडे ओढत नेलं. राखीव किनाऱ्यावर गुन्हेगार सापडलाय म्हटल्यावर कासव कोण बघत बसतो? सगळं जंगल मागोमाग धावलं. अस्वलसुद्धा, परातीसकट.

पुळण रिकामी झाली. कासविणीने एकदा मान वळवून पाहिलं आणि खड्डा खणायला घेतला.

पिंगळोजीला किनाऱ्यावर कायमची बंदी झाली. निसर्गाचा शत्रू म्हणून त्याचं चित्र कमानीवर लागलं. माहेरी तोंड कसं दाखवू म्हणून शेपटाबाई त्याच्याशी बोलेना. पण पुढे एका पहाटे वाळू हलली आणि इवली इवली कासवं बाहेर आली. बघायला कोणी नव्हतं, म्हणून ती पाण्यापर्यंत पोचली.

तात्पर्य : प्रेम करणाऱ्यांपासून जपून राहावं. खाणारे निदान पोट भरल्यावर घरी जातात.

आता शपथ घेतलीच आहे तर सांगून टाकतो. कासवीण बोलली, हे खरं. गाढव तर अजून नोकरीत आहे. पण कोल्ह्याने दात विचकले, तिथून पुढचं सगळं मी रचलंय. तुम्हाला झोप लागावी म्हणून. प्रत्यक्षात पिंगळोजीने मोबाइल जरा वर धरला आणि म्हणाला, “आक्का, ते आमच्या बाबांबद्दलचं वाक्य परत एकदा बोला ना. मघाशी रेकॉर्ड झालं नाही.”