पांढऱ्या मोटारीची चूक

मानसिंगअण्णा मोपेडवरून पडले तेव्हा त्यांचं कोपर खरचटलं, पायाच्या अंगठ्याचं नख गेलं आणि दुधाच्या किटलीला पोचा आला. तिन्हींपैकी अण्णांना दुःख झालं ते किटलीचं.

त्यांचा मुलगा स्वरूप भोरला मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. क्लच कधी सोडायचा हे त्याने आजवर साडेचारशे माणसांना शिकवलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तो नंतर सोडलाही होता. बातमी कळताच तो गावी हजर झाला. अण्णांना धनुर्वाताचं इंजेक्शन देववलं, पट्टी बांधली, खाटेवर बसवलं. मग मोपेडची किल्ली शर्टाच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं.

"अण्णा, आजपासून गाडी बंद. शहात्तर वय झालं. दूध धनाजीतात्याच्या टेम्पोतून जाईल."

"दूध जाईल. म्या कसा जानार?"

"तुम्हाला कुठं जायचंय?"

"ते गाडीवर बसल्यावर ठरतं."

"ऱ्हाऊ दे की घरात," आतून स्वरूपची आई फुलाबाई म्हणाल्या. "पन्नास वर्सांत मला ह्यो मानूस बसल्याला दिसला न्हाई."

"चूक माजी असती तर म्या सोता किल्ली वढ्यात फेकली असती," अण्णा म्हणाले. "चूक मोटारीची. म्या मार्गासनीवरनं दूध घालून येतोय, वळनावर डावीकडनं पांढरी मोटार आली. दिला धक्का, गेली निघून."

स्वरूपला कायदा पाठ होता, म्हणून त्याने स्वतःच तोडगा काढला. आनंदराव आबा बारा वर्षं गावचे तंटामुक्तीचे अध्यक्ष होते. बांधापासून कोंबडीपर्यंत त्यांनी सगळं मिटवलं होतं. संध्याकाळी ते भेटायला येणारच होते. "आबा म्हणाले मोटारीची चूक, तर किल्ली तुमची. म्हणाले तुमची चूक, तर गाडी मी भोरला नेतो आणि विकून टाकतो. कबूल?"

"कबूल," अण्णा म्हणाले. पण त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

संध्याकाळ मात्र लांब होती. त्या भागात कुणी पडलं की लोक भेटायला जातात. रिकाम्या हाताने जात नाहीत, बिस्किटचा पुडा नेतात. आणि रिकाम्या कानाने परत येत नाहीत, सगळं पहिल्यापासून ऐकून येतात. मध्येच नवा माणूस आला तर गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, कारण पडलेल्या माणसाची हकिकत अर्ध्यावरून ऐकणं हा त्याचा अपमान असतो. सकाळी दहापर्यंत अण्णा नऊ वेळा मार्गासनीवरून निघाले होते आणि घरी एकदाही पोचले नव्हते.

अडचण केली धनाजीतात्याने. "दादा, मोटार नेमकी आली कुठनं?" तो पुन्हा पुन्हा विचारायला लागला. शेवटी अण्णांनी बिस्किटचा पुडा घेतला, ती मोपेड. चहाचा कप घेतला, ती मोटार. मोपेड निघाली, वळणावर आली, आणि धनाजी बोलता बोलता मोटार पिऊन बसला.

"आता कशानं दाखवू?" अण्णा चिडले. "स्वरूप, ऊठ. तू मोटार हो."

जखमी बापाला नाही कसं म्हणणार? स्वरूप अंगणाच्या कोपऱ्यात गेला आणि मोटार झाला. अण्णा काठी पुढे धरून मोपेड झाले.

"लई हळू आलास," अण्णा म्हणाले. "म्होरं लग्नाची वरात न्हाई. पुन्याची मोटार व्हती ती."

दुसऱ्या वेळी तो जोरात आला. तिसऱ्या वेळी त्याने सवयीने वळण्याआधी हात बाहेर काढला.

"हात कशाला काढतोस? तिनं काडलाच नव्हता!"

दुपारपर्यंत गावभर झालं की मानसिंगकडं नुसतं ऐकायचं नाही, बघायलाही मिळतं. सकाळी येऊन गेलेले दुपारी पोरंबाळं घेऊन पुन्हा आले. शेजारची सुलक्षणा तर दारातूनच म्हणाली, "काकी, मोटार आता बरी येतीया. सकाळी जरा लाजत व्हती."

स्वरूपला राग यायला हवा होता. पण शिकवणारा माणूस; काम करायचं तर नीट, अशी त्याची सवय. तो वळणावर गिअर बदलल्याचा आवाज काढू लागला.

पाच वाजता आनंदराव आबा दोन पुडे घेऊन आले. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, मोटारीने त्यांच्या पाया पडून जागा घेतली. आबांनी एक खेळ पूर्ण बघितला आणि मान हलवली.

"मानसिंगा, काठीवर बसून मला न्याय कराय लावतोस? खरी गाडी काढ."

अण्णांनी स्वरूपकडे बघितलं. स्वरूपने खिशावर हात मारला. "बसू द्या की, आबा. किल्ली माझ्याकडं आहे. गाडी जातीय कुठं?"

तो एरवी प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा की उतारावर गाडीला किल्ली लागत नाही. त्यांच्या अंगणाला उतार होता. ओट्यापासून गोठ्यापर्यंत चांगला हातभर.

धनाजीने गाडी स्टँडवरून काढून ओट्यापाशी नेली. अण्णा वर बसले. दिवसभर पडलेला त्यांचा चेहरा उजळला. आबा म्हणाले, "हं." मोटार निघाली. अण्णांनी पाय उचलले आणि मोपेडही निघाली, आवाज न करता, सासरी निघालेल्या मुलीसारखी. दिवसभर काठी जिथे थांबायची ती जागा मागे गेली. समोरून वाहन येताना दिसल्यावर शहाण्या चालकाने थांबावं, असा नियम आहे. स्वरूप थांबला.

मोपेड थांबली नाही. ती त्याच्या डाव्या पावलावरून गेली आणि तो कडब्याच्या पेंढ्यांवर आडवा झाला. अण्णा मात्र पडले नाहीत. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी स्टँडला लावली, आणि मग मोटारीकडे बघितलं.

"लागलं का रं?"

सगळे आबांकडे बघत होते. आबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"मोटारीची चूक," ते म्हणाले.

"आबा, मोटार उभी होती!" स्वरूप पेंढ्यांवरून ओरडला.

"तेच म्हंतोय. वळनावर उभी करत्यात व्हय मोटार? आन् तू पोरं शिकवतोस."

लोकांना ते पटलं. सुलक्षणा म्हणाली, "एवढं वडीलधारं मानूस समोरनं येतंय, बाजूला व्हाय काय झालं व्हतं मोटारीला?"

धनाजीच्या टेम्पोतून स्वरूपला भोरला नेलं, अण्णाही बरोबर बसले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?"

"मोटारीला मोपेड धडकली."

"तुम्ही मोपेडवर होता?"

"नाही."

"मग मोटारीत?"

"मोटारीत कुणीच नव्हतं," स्वरूप खरं ते बोलला. "मोटार मी होतो."

डॉक्टरांनी पावलाच्या एक्सरेखाली डोक्याचाही एक लिहिला.

पावलाचं एक बारकं हाड मोडलं होतं. तीन आठवडे प्लॅस्टर, पाय टेकायचा नाही, गाडी चालवायची नाही, आणि परवा पुन्हा दाखवायला यायचं. "आणणार कोण यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

धनाजी म्हणाला, परवा टेम्पो भाड्यानं दिलाय. अण्णांनी नुसता पट्टी बांधलेला हात पुढे केला. स्वरूपने खिशाचं बटण काढलं.

दोन दिवसांनी सकाळी दोघे गावातून निघाले. अण्णा पुढे, स्वरूप मागे, त्याचा प्लॅस्टरचा पाय तोफेसारखा बाहेर. कबूल करणं जिवावर आलं, पण अण्णा गाडी चांगली चालवत होते. खड्डा चुकवत होते, एसटीला वाट देत होते. आपण उगीच काळजी केली, असं स्वरूपला वाटू लागलं. बापावर विश्वास ठेवायला हवा होता.

मार्गासनी जवळ आली तसा अण्णांनी वेग कमी केला. वेल्ह्याच्या त्या रस्त्यावर वळणांना तोटा नाही, त्यामुळे नेमकं कुठलं वळण हे इतक्या लोकांत एकानेही विचारलं नव्हतं. अण्णांनी आपणहून गाडी उभी केली.

"ही बघ जागा. म्या हितनं येत व्हतो."

स्वरूपने बघितलं. गावाकडे येताना जी बाजू डावी पडते, तिथे कापलेला डोंगर होता. सरळ, भिंतीसारखा, तीन माणसं उंच. उजवीकडे कठडा आणि खाली ओढा. बोळ नाही, पायवाट नाही, शेळी उतरेल एवढीही जागा नाही. रस्त्याच्या कडेला मात्र थोडी खडी सांडलेली होती, आणि खडीतून मोपेडचं चाक घसरत गेल्याची एकच खूण डोंगरापर्यंत स्पष्ट दिसत होती.

स्वरूपने बोटाने ती खूण डोंगरापर्यंत नेली.

"अण्णा, डावीकडं रस्ताच नाही. मग मी आलो कुठून?"

अण्णांनीही डोंगराकडे नीट बघून घेतलं. मग गाडीला किक मारली.

"आता मला सांग," ते म्हणाले, "रस्ता नसताना आलास तू. मग चूक कुनाची?"