रक्त घरीच द्यायचं

सुंदररावांनी रक्त घरीच द्यायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. बीडला जाऊन गुपचूप देऊन आले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण माणूस सरपंचपदाला उभा राहिला की त्याची अक्कल जरा जास्तच चालते.

झालं होतं असं, की जेवणानंतर सुंदररावांना प्रचाराच्या बैठकीतसुद्धा डुलकी लागायची. (बैठक त्यांचीच आणि भाषणही त्यांचंच.) डॉक्टरांनी त्यांच्या पोटाकडे बघत सांगितलं, “साखर तपासू आणि इन्सुलिनही. आधी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा द्यायचं.” घरी बायकोने, वनमालाबाईंनी, फर्मान काढलं, “तपासल्याबिगर प्रचाराला उंबरा वलांडायचा न्हाई.”

सुंदररावांचा सगळा जीव त्या खुर्चीत अडकलेला. दोनदा पडले होते, ही तिसरी खेप. समोर एकटा अभिमन्यू, भावकीतला पुतण्या, रोज पहाटे नेकनूरच्या रस्त्यानं पळणारा.

“बीडला कुणी बघितलं तर बोंब व्हईल, म्हातारं आजारी हाय म्हणून,” सुंदरराव म्हणाले. “लॅबवालीलाच घरी बोलवा.”

सकाळी लॅबची करिष्मा स्कूटीवर आली. तिने पहिली नळी भरली, ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि ओसरीवर बसून राहिली. शेजारच्या भिवराबाई दुसऱ्या नळीला विरजण मागायला आल्या, तिसऱ्या नळीला वाटी परत करायला आल्या आणि चौथ्या नळीला काहीच न मागता आल्या. करिष्माने चारही नळ्या एका पेटीत ठेवल्या.

“बर्फ कावून गं त्याच्यात?” भिवराबाईंनी विचारलं.

“खराब होऊ नये म्हणून, मावशी.”

भिवराबाई तडक पिठाच्या गिरणीवर गेल्या. तिथे नळीची बाटली झाली आणि बाटल्यांचा कॅन झाला. दळण होईपर्यंत सुंदररावांची एक किडनी बर्फात घालून बीडला रवाना झाली होती.

दुपारपासून माणसं भेटायला यायला लागली. नारळ आले, सफरचंदं आली, बिस्किटांचे पुडे आले. कुणी काही विचारेना. पायाशी बसायचं, सुस्कारा सोडायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. उमापूरहून बहीण कौशल्याबाई आल्या, त्या वेशीपासूनच रडत.

“दादा, एका किडनीवर निवडणूक लढवितूस व्हय रे?”

“आगं, दोन्ही हायेत!”

“लपवू नगंस. तुजा सोभावच तसला.”

सुंदरराव भडकले. आता गावातून चालूनच दाखवतो म्हणून छाती काढून बाहेर पडले. पण सकाळी रक्त दिल्यापासून पाहुण्यांच्या रांगेत पोटात घास गेला नव्हता आणि ग्लुकोजचा जोर कधीच ओसरला होता. पाराजवळ हातपाय कापायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भरल्या पारासमोर ते मटकन खाली बसले.

सावरायला धावला तो अभिमन्यूच. त्याने पाणी पाजलं, टोपी उचलून झटकली, खांद्याला धरून घरी आणून सोडलं. पोराचे डोळे भरून आले होते.

“काका, आधी कावून न्हाई सांगितलं?”

सुंदरराव खरं सांगणारच होते. पण अर्ज माघारी घ्यायचा उद्या शेवटचा दिवस आहे, हे त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं. ते गप्प राहिले. वाईट वाटलं, नाही असं नाही, पण झेपण्याइतकंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी अभिमन्यूने अर्ज मागे घेतला आणि सुंदरराव बिनविरोध सरपंच झाले. त्यांना आनंदाने रडू फुटलं. ते बघून गाव आणखीच हळहळलं.

त्याच संध्याकाळी रिपोर्ट आला. साखर ठणठणीत. इन्सुलिन तेवढं थोडं जास्त, म्हणून पोट कमी करा आणि चाला, एवढंच. वनमालाबाई पेढे वाटायला निघाल्या, तर सुंदरराव दारात आडवे आले.

“वाटू नगंस! लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, माणूस धडधाकट हाय.”

“तेच तर!”

सत्काराला गावानं मुद्दाम हलका हार आणला होता. सरपंचांना कुणी खुर्चीवरून उठू दिलं नाही, भाषण तर करूच दिलं नाही. हार अभिमन्यूने घातला आणि तो त्यांच्या कानाशी अदबीनं वाकला.

“काका, आमची काय घाई न्हाई. पण पोटनिवडणूक ऊसतोडीच्या आधी लागली तर लई बरं व्हईल. नंतर माझी मतं सगळी कारखान्यावर असत्यात.”

सुंदररावांनी शक्य तेवढा क्षीण आवाज काढला.

“प्रयत्न करतो, बाबा.”