दोन बोटं रुंद

उत्कर्षाला सातवा महिना लागला आणि ज्ञानेशने गाडी रुंद केली. दोन्हींचा तसा काही संबंध नव्हता. निदान ज्ञानेशच्या मते नव्हता.

तारापूरच्या एका कारखान्यात तो फिटर होता. गाडी जुनी, लाल, अंग चोरून उभी राहणारी. तिच्याकडे बघितलं की त्याला ग्रुप फोटोत कडेला खांदे आखडून उभा असलेला तो स्वतःच आठवे. बोईसरच्या गॅरेजवाल्याने हे दुखणं बरोबर ओळखलं. "स्पेसर डालो, भाईसाब." म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूला ॲल्युमिनियमचं जाड कडं बसवायचं, की चाक बाहेर सरकतं आणि गाडी पाय फाकून उभी राहते. "पहलवान लगेगी. लोग मुड़ मुड़ के देखेंगे."

चार चाकांना चार कडी बसली. प्रत्येक चाक दोन बोटं बाहेर आलं. "सर्व्हिसिंग केली," ज्ञानेशने घरी सांगितलं. आपलीच छाती दोन बोटं पुढे आलीय असं त्याला वाटत होतं, पण असलं बायकोला सांगत नाहीत.

रविवारी केळव्याला उत्कर्षाच्या माहेरी डोहाळजेवण होतं. वाडीच्या तोंडाशी पाण्याचा पाट आडवा. लेकीला ओटीपर्यंत गाडीतून येता यावं म्हणून तिच्या वडिलांनी, हरेश्वरदादांनी, त्याच आठवड्यात पूल केला होता. माडाचं खोड उभं चिरलं, दोन्ही फाकांची पोटं कोरली आणि पाटावर उताणी टाकली. एकेका खोबणीत एकेक बाजूची चाकं बसणार. दिवाळीला जावई आला तेव्हा गाडीखाली वाकून दादांनी काथ्याच्या दोरीवर दोन गाठी मारून माप घेतलं होतं. टेपने माप घेणाऱ्या माणसाला ते माणसात धरत नसत.

उत्कर्षा पाटाच्या अलीकडेच उतरली. "अहो, आधी रिकामी न्या. मग मी बसते."

"या, बिनधास या," दादांनी पलीकडून हात हलवला.

ज्ञानेश बिनधास्त गेला. चाकं खोबणीत न बसता काठांवर चढली, घटकाभर विचारात पडली आणि पुढचं डावं चाक पाटात उतरलं. गाडी म्हशीसारखी बसली. ओटीवरच्या साऱ्या बाया वळून वळून बघू लागल्या. गॅरेजवाल्याचा एक शब्द तरी खरा झाला.

"स्टिअरिंग जरा वळलं," ज्ञानेश म्हणाला.

दादांनी दोरी आणून फाकांवर धरली. गाठी नेमक्या खोबणींवर आल्या. त्यांनी एकेक गाठ चिमटीत धरून बघितली.

"पूल दोरीपरमानं हाय. मंजे गाठच चुकली माझी."

"दोरी ताणली असेल, दादा."

"दोरी नाय ताणली. हात गेला." मग शेजारच्या प्रफुल्लला हाक मारून ते म्हणाले, "झोपाला सोड रे."

आंब्याच्या फांदीला झोपाळा बांधला होता. अबोलीच्या माळा, पोफळीचे तुरे. सगळ्या गाठी दादांच्या हातच्या.

"अवो, सकाली तुमीच बसून बघितलात ना?" उत्कर्षाची आई, नर्मदाबाई, म्हणाल्या.

"मी हाडकुला. ती दोन जिवांची. चुकलेल्या हाताच्या गाठीवर लेकीला बसवायची नाय."

प्रफुल्ल फांदीवर चढला. उत्कर्षाने तोंड फिरवलं. पहिली माळ खाली पडली.

"दादा, गाठ बरोबर आहे," ज्ञानेश म्हणाला. "गाडी रुंद झालीय."

"गाडी कशी रुंद होल?" दादांच्या बहिणीने, ठमीआत्याने, विचारलं. "तिला पन सातवा हाय का?"

ज्ञानेशने सगळं सांगितलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कशापायी केलंत?"

"दिसायला."

"कुनाला?"

ज्ञानेशने ओटीवरच्या बायांकडे बघितलं. तेवढ्यात ठमीआत्याने ओवी उचलली आणि बायांनी टाळ्यांचा ठेका धरला:

"पाटावरी गं पूल
बापानं नीट केला,
लेकीच्या गं आधी
डोहाले जावयाला"

बांबू लावून चौघांनी गाडी वर काढली. नव्या शर्टात, चिखलात बसून, ओवीच्या तालावर ज्ञानेशने चारही कडी काढली. मग गाडी निघाली आणि चाकं अशी खोबणीत बसली, जसं तान्हं पाळण्यात. दादांनी स्वतःचा तळवा उलटसुलट करून बघितला.

"प्रफुल्ल, पडलेली माल परत बांध."

झोपाळा हलला. उत्कर्षा येता-जाता नवऱ्याकडे बघत होती. "सर्व्हिसिंग छान झाली हां," ती एका झोक्यात म्हणाली.

जेवणाच्या वेळी ज्ञानेशने कडी शोधली. ती स्वयंपाकघरात, पुसून लख्ख केलेली, कंद-शेंगांच्या उकडहंडीच्या चार गोल बुडाच्या मडक्यांखाली बसली होती. एकही मडकं डुलत नव्हतं.

"बरी आनलीत, जावयबापू," नर्मदाबाई म्हणाल्या. "पन पाचवं मडकं कलतंय. गाडीला पाचवं चाक नसतंय का?"

"असतं," ज्ञानेश म्हणाला. "डिकीत." आणि कडं तिथेही बसवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.