इंजिन नवीन आहे, घाई करू नये

नवी गाडी खुशाल घ्यावी, पण तिच्याबरोबर मिळणारं पुस्तक वाचू नये. मी वाचलं. (नुसतं वाचलं नाही, पेन्सिलीने खुणा करत वाचलं.) गाडी विकणाऱ्याने किल्ली हातात देताना ते पुढच्या कप्प्यात टाकलं आणि म्हणाला, "हे कोणी वाचत नाही साहेब, पण असू द्या." कोणी वाचत नाही म्हटलं, की मला ते वाचावंसं वाटतं. विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं आहे. जगात जेवढ्या गाड्या बिघडल्या, त्या सगळ्या कोणीतरी काहीतरी न वाचल्यामुळे बिघडल्या, असं माझं ठाम मत आहे.

तसं गाडी येण्याआधीच मी घरच्यांना पुरेसं पिडलं होतं. पेट्रोलची घ्यावी, डिझेलची, गॅसची की विजेवरची, असं मी ऑफिसात एकदा सहज विचारून बसलो, आणि त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले. डिझेलवाले पेट्रोलवाल्यांना लोणचं देईनात. विजेची गाडी घेतलेला एकच सहकारी होता, पण त्याच्याशी बोलणंच व्हायचं नाही. तो कायम गाडी कुठेतरी चार्जिंगला लावून चालत येत असायचा. शेवटी मी बायकोला विचारलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "परवडेल आणि तुम्हाला झोप लागेल अशी घ्या." मी पेट्रोलची घेतली. झोप मात्र लागली नाही, कारण मग ते पुस्तक हातात आलं.

पुस्तकात नव्या इंजिनाच्या काळजीवर एक अख्खं प्रकरण होतं. पहिले हजार किलोमीटर गाडी पळवू नये. एकाच वेगाने फार वेळ चालवू नये, वेग कमीजास्त करत राहावा. अचानक ब्रेक मारू नये. उगाच वजन लादू नये. एका जागी उभं राहून इंजिन चालू ठेवू नये. इंधन योग्य प्रतीचंच भरावं. लग्नातसुद्धा मला कोणी इतक्या सूचना दिल्या नव्हत्या. मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'इंजिन नवीन आहे, घाई करू नये' असं लिहिलं आणि पुठ्ठा मागच्या काचेला आतून चिकटवला. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीबाहेर लावतात तसं दिसतंय." सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या निवृत्त परिचारिका आहेत आणि कोणाच्याही दुखण्यावर त्यांचा पटकन विश्वास बसत नाही.

एवढ्यात बायकोच्या मुलाखतीचा दिवस आला. ती आमच्या घरामागच्या शाळेत गणित शिकवते. तिच्या मागून लागलेल्या, तिच्याकडूनच फळ्यावर लिहायला शिकलेल्या शिक्षिका ठिकठिकाणी मुख्याध्यापिका होऊन बसल्या, आणि ही आहे तिथेच राहिली. आता हमरस्त्यापलीकडच्या एका मोठ्या शाळेने तिला मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी बोलावलं होतं. वेळ अकराची. संस्थेचे अध्यक्ष वेळेच्या बाबतीत इतके कडक, की उशिरा आलेल्या उमेदवाराला ते फाटकातूनच परत पाठवतात म्हणे. तिला ती जागा मनापासून हवी होती. ती तसं बोलून दाखवत नाही, पण आठवडाभर आम्ही बिनसाखरेचा चहा पीत होतो आणि तिच्या ते लक्षातही येत नव्हतं.

"मी टॅक्सी करून जाते," ती म्हणाली.

"दारात नवीकोरी गाडी असताना?" मी म्हणालो. (हे वाक्य मी गिळायला हवं होतं.)

"तुमच्या इंजिनाला चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय! ते त्यासाठीच असतं."

"मीही येते," सासूबाई म्हणाल्या. "मुलीची मुलाखत आहे. बाहेर बसेन." आणि त्या एक भलीमोठी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "आई, पिशवी ठेवून आलात तर? वजन जरा जास्त होईल."

"मग मी राहते. पिशवीला न्या."

दोघी आल्या. पिशवीही आली.

आम्ही वेळेच्या बरेच आधी निघालो होतो, त्यामुळे मी निवांत होतो. पुस्तकाबरहुकूम मी वेग पन्नासपर्यंत नेत होतो, तिथून तिसावर आणत होतो, पुन्हा हळूहळू वर चढवत होतो. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, पुठ्ठा वाचत होते, आणि पुढे जाताना माझ्याकडे निरखून बघत होते.

"जावईबापू, रस्त्यात खड्डे आहेत का?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"नाही, आई."

"मग गाडी अशी आचके का देतेय?"

"आचके नाहीत. मी वेग बदलतोय. इंजिनाला सवय लागली पाहिजे."

"इंजिनाचं माहीत नाही, माझ्या पोटाला लागली."

बायको शेजारी फाईल मांडीवर घेऊन बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आई, खिडकी थोडी उघड."

हमरस्त्याला लागतो न लागतो तोच एका पोलिसाने हात दाखवला. मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे अचानक ब्रेक न मारता थांबलो, म्हणजे त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन थांबलो. तो धापा टाकत आला.

"तोंड उघडा. सकाळी सकाळी?"

"अहो, मी चहाशिवाय काही घेत नाही. इंजिन नवीन आहे."

"इंजिन नवीन असलं की गाडी अशी झोकांड्या खाते?"

"झोकांड्या नाहीत. वेग कमीजास्त करायचा असतो. मागे लिहिलंय बघा."

तो मागे जाऊन पुठ्ठा वाचून आला. "हे कोणासाठी लिहिलंय?"

"मागच्या गाड्यांसाठी."

"मागे कोणी नाही साहेब. सगळे केव्हाच पुढे गेले."

मी कप्प्यातून पुस्तक काढून त्याला पान दाखवायला निघालो होतो. तेवढ्यात बायको खिडकीतून वाकून शांतपणे म्हणाली, "साहेब, ते शुद्धीवर आहेत. ते असेच आहेत." पोलिसाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, तिला सलाम ठोकून आम्हाला सोडलं.

या भानगडीत वेळ गेला होता, पण तसा अजून हाताशी होता. आता प्रश्न पेट्रोलचा होता. गाडी विकणारे टाकीत जेमतेम घरी पोचण्यापुरतं पेट्रोल घालून देतात. मी अजून भरलं नव्हतं, कारण योग्य पंप सापडला नव्हता. (नव्या इंजिनाच्या पोटात पहिल्यांदा काय जातं याला महत्त्व असतं. हे पुस्तकात नव्हतं. हे माझं मत.)

पहिला पंप दिसला. तिथे टँकर रिकामा होत होता. मी गाडी पुढे काढली.

"का हो?" बायकोने विचारलं.

"टँकर उतरत असताना घेऊ नये. खालचा गाळ ढवळून वर येतो."

दुसऱ्या पंपावर चिटपाखरू नव्हतं. नोकर खुर्चीवर बसून पेंगत होता.

"इथे तर गर्दी नाही," बायको म्हणाली.

"तेच तर! गिऱ्हाईक नाही म्हणजे माल शिळा."

"पेट्रोल शिळं होतं?" सासूबाईंनी विचारलं. "आम्ही वॉर्डात इतकी वर्षं स्पिरिट वापरलं, कोणी वास घेऊन परत नाही केलं."

तिसऱ्या पंपावर लांबलचक रांग होती. म्हणजे माल ताजा. पण रांगेत उभं राहून इंजिन चालू ठेवणं पुस्तकात मना होतं.

"मग बंद करा की," सासूबाई म्हणाल्या.

"सारखं बंद-चालू करणंही नव्या इंजिनाला मानवत नाही, आई."

"अहो," बायको घड्याळ बघत म्हणाली, "इथेच भरूया का? तो पिवळा दिवा कसला लागलाय?"

"सूचनेचा."

"कसली सूचना?"

"पेट्रोल भरा अशी."

"मग?"

"सूचना वेगळी, इशारा वेगळा," मी म्हणालो. आमच्या खात्यात या एका फरकावर लोकांचे अर्ज नामंजूर होतात.

पुढच्या चढावर गाडीने दोन गचके दिले. ते मात्र मी दिलेले नव्हते. मग ती हळूहळू कडेला सरकली आणि गप्प झाली. मी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मग सवयीने पुस्तक उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'टाकी कधीही पूर्ण रिकामी होऊ देऊ नये.' या ओळीखाली मी पेन्सिलीने दोनदा रेघ मारलेली होती.

"आता त्या पुस्तकावर बसवून पोचवा तिला," सासूबाई म्हणाल्या.

साडेदहा वाजून गेले होते. रस्त्यावर ट्रकशिवाय काही नव्हतं. मी टॅक्सीला फोन लावला. अर्धा तास लागेल म्हणाले. बायको फाईल छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने ओरडायला हवं होतं. मी तिच्या जागी असतो तर पुठ्ठा फाडून नवऱ्याच्या डोक्यात घातला असता. ती फक्त म्हणाली, "काचा वर करून घ्या, आत धूळ जाईल." तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागून चढ चढत एक जुनाट बस धूर ओकत आली. दुपारच्या सत्राची मुलं होती आत, सगळी एकदम गात होती, आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं होतं. बसच्या अंगावर त्याच शाळेचं नाव होतं. बायकोने हात केला. चालकाने बस थांबवली, बाहेर डोकं काढून आमचा पुठ्ठा मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "इंजिन नवीन आहे, तर मग चालत का नाही?"

"पेट्रोल संपलं," मी म्हणालो.

"मागे तीन पंप आहेत की."

"आम्ही तिन्ही पाहिले," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंच्या पसंतीला उतरले नाहीत."

बायकोने मुलाखतीचं सांगताच त्याने दार उघडलं. ती चढली. तिच्या मागोमाग पिशवी आणि सासूबाई चढल्या. जाता जाता म्हणाल्या, "मी थांबून काय करू? तुमच्या गाडीला वजन व्हायचं." बस निघताना बायकोने खिडकीतून हाक मारली, "अहो, उन्हात उभे राहू नका!" त्या बसचं इंजिन बहुधा माझ्याच वयाचं होतं आणि त्याची कोणी कधी काळजी घेतल्याचं दिसत नव्हतं. ती सुसाट गेली.

मी डबा मिळवून तिसऱ्या पंपावर पायी गेलो. नोकराने विचारलं, "साधं देऊ की भारीतलं?" मी म्हणालो, "कुठलंही." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला असेन.

शाळेत पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या.

"गाठली का वेळ?" मी घाबरत विचारलं.

"पाच मिनिटं आधी पोचले."

"आणि कशी झाली?"

ती थोडी गोंधळलेली दिसली. "काय सांगू? शेवटी शेवटी सगळे फार हसत होते."

तिची जागा माझ्या पायी गेली, असंच मी धरून चाललो. पुढचे काही दिवस मी घरात इतका शहाण्यासारखा वागलो, की सासूबाईंनी माझी नाडी तपासली. मग शाळेचा फोन आला. तिला नेमलं होतं. बायको रडली, सासूबाई रडल्या, आणि मी रुमाल आणायला गेलो तो आतच रडत बसलो.

नव्या मुख्याध्यापिकेच्या स्वागताला शाळेत चहापान होतं. मी कोट घालून गेलो. ते कडक अध्यक्ष समोरून आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"म्हणजे ते तुम्हीच! तुमचे आभार मानायचे राहिले होते."

"माझे?"

"खरं सांगतो, दुसऱ्या एका बाईंचा अनुभव जास्त होता. आमचं जवळजवळ ठरलंच होतं. पण मी तुमच्या बाईंना विचारलं, तुम्ही आमच्या शाळेच्या बसमधून कशा काय आलात? त्यांनी त्या सकाळची हकिगत सांगितली. पोलीस, पंप, सगळं. आवाज एकदाही चढला नाही. मी मंडळाला म्हटलं, ज्या बाई घरात इतकी वर्षं हे सांभाळतायत, त्यांना आपली बाराशे मुलं म्हणजे काहीच नाही. ठराव एकमताने झाला."

मी कसेबसे आभार मानले.

"आणि हो," ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमच्या शिक्षकांचं शिबिर आहे. तुम्ही यायलाच हवं."

मला जरा बरं वाटलं. कोणीतरी आपलीही कदर करतंय. मी कोटाची बटणं लावत विचारलं, "अवश्य. व्याख्यान साधारण किती वेळाचं धरू?"

"व्याख्यान बाई देतील, संयम या विषयावर," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही फक्त शेजारी बसा. उदाहरण समोर असलं, की शिक्षकांना लवकर समजतं."